ओवणकरबाईंची जोडसाखळी

ओवणकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. ते आमच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी चिकटवलेलं. बाई आमच्या प्रयोगशाळेत पेप्टाइडं बनवायच्या, म्हणजे अमिनो आम्लांचे तुकडे एकामागे एक जोडून त्यांच्या साखळ्या करायच्या. हे काम त्या इतक्या शांतपणे करत, की एकदा सर दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, आडनाव बदलून घ्या. ओवणकर करा." सगळे हसले. बाईंनी हातातली काचेची नळी हलवायची थांबवली नाही. "अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या ओवणकरबाई झाल्या. पुढे पुढे तर बाहेरून येणाऱ्या पार्सलांवरही हेच नाव यायला लागलं.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसायचे. बाईंनी बनवलेला माल माझ्या मशीनमधून जायचा. मशीन म्हणजे मुख्यतः एक लांब पोलादी नळी. तिच्यातून मिश्रण ढकललं, की त्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडद्यावर त्याचा सुळका उमटतो. माल गढूळ असेल तर नुसती डोंगररांग. बाईंचा माल असला की बहुतेक वेळा एकच उंच सुळका आणि आजूबाजूला सपाट मैदान. चौदा वर्षं मी त्यांचे सुळके बघितले. त्यांच्या स्वभावाबद्दल मला जे कळलं ते बरंचसं तिथूनच कळलं, कारण बोलायच्या त्या फार कमी.

त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बारीक वाळूसारखे रेझिनचे दाणे काचेच्या भांड्यात घ्यायचे. त्या दाण्यांवर पहिला तुकडा बसवायचा. धुवायचं. तुकड्याच्या तोंडावरचं झाकण काढायचं, पुन्हा धुवायचं, त्याला दुसरा तुकडा जोडायचा. असे वीस. साखळी शेपटाकडून डोक्याकडे वाढत जाते. शेवटी ती दाण्यांवरून सोडवून घ्यायची. एखादा तुकडा बसला नाही तर पुढचं सगळं वाया, आणि तो बसला नाही हे तेव्हा डोळ्यांना दिसत नाही. हे काम आपोआप करणारं यंत्र संस्थेनं घेतलं होतं. बाई ते वापरायच्या, पण अवघड जोडणी आली की भांडं काढून हातात घ्यायच्या. "यंत्राला घरी जायची घाई असते," असं म्हणायच्या.

आमचं तेव्हाचं काम रक्ताचं होतं. हाडांच्या आत मज्जा असते, तिथं तांबड्या पेशी तयार होतात. त्या तयार करा असा हुकूम शरीरातलं एक संप्रेरक देतं. मज्जेतल्या पेशीच्या अंगावर त्यासाठी रिसेप्टर असतात, हुकूम घ्यायची जागा म्हणा. गंमत अशी, की या रिसेप्टरचे दोन अर्धे भाग पेशीवर वेगवेगळे उभे असतात. संप्रेरक येतं, दोघांना धरून जवळ आणतं आणि ते जवळ आले की मगच पेशीला हुकूम पोचतो. आमचं वीस तुकड्यांचं पेप्टाइड त्यातल्या एका अर्ध्याला छान धरायचं. पण एकालाच. दुसऱ्याला धरायला दुसरं पेप्टाइड यायला हवं, आणि दोघांची नेमकी गाठ पडायला हवी. म्हणून पेशींवर ते ओतावं लागायचं भरमसाट, तेव्हा कुठे थोडीशी हालचाल. असलं औषध माणसाला द्यायचं तर बादलीनं द्यावं लागलं असतं.

सरांनी ठरवलं, दोन पेप्टाइडं एकमेकांना बांधून टाकू. म्हणजे एकानं धरलं की दुसरं शेजारीच हजर. कल्पना चांगली होती, पण बांधायचं कुठे? सरांनी डोक्याकडून बांधून पाहिलं. निकाल जेमतेम. दुवा आखूड केला, लांब केला, पाच महिने गेले. माझ्या पडद्यावर तर सगळा चिखल दिसायचा, कारण दोन तयार साखळ्या नंतर बांधायला गेलं की अर्ध्याअधिक एकट्याच राहायच्या.

एका दुपारी डबा खाताना बाई मला म्हणाल्या, "नंतर बांधायचं कशाला? आधीच बांधलेलं वाढवावं."

"म्हणजे?"

"मुळाशीच लायसिनचा तुकडा बसवायचा. त्याला दोन हात असतात. दोन्ही हातांची झाकणं काढायची, दोन्हींवर लवचिक दुवा घालायचा आणि दोन्ही साखळ्या एकदमच वाढवत न्यायच्या. शेपटाकडे बांधलेल्या राहतील. डोकी मोकळी."

"मग सरांना सांगा ना."

"करून झाल्यावर सांगते. न जमलेलं सांगून काय करायचं?"

तीन वेळा जमलं नाही. एक साखळी पूर्ण व्हायची, दुसरी मधेच अडकायची. एक पाय लांब, एक आखूड असा लंगडा माल यायचा आणि तो चांगल्यापासून वेगळा काढताना मी रडकुंडीला यायचे. चौथ्या वेळी बाईंनी प्रत्येक जोडणी दोनदा केली, सगळी हातानं, नऊ दिवस. माझ्या पडद्यावर सुळका आला. पेशींवर घातलं. दोन दिवसांनी पेशींवर काम करणारी मुलगी धावतच आली, ती जिन्यात पडायचीच बाकी होती. एकट्या पेप्टाइडपेक्षा तीनशे पट कमी मात्रेत तेच काम होत होतं. आधी बादली लागली असती, आता चमच्याच्या टोकावरचं पुरलं असतं. सरांनी तीनदा करून घेतलं, तिन्ही वेळा तेच.

शोधनिबंधात बाईंचं नाव चौथं आलं, त्यांच्या खऱ्या आडनावासकट. त्यांनी एक प्रत घरी नेली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, भावोजी काय म्हणाले?

"म्हणाले, यात माझी बायको कुठल्या पानावर आहे तेवढं दाखव, बाकी आपल्याला काही झेपणार नाही."

भावोजी म्हणजे बाईंचे यजमान. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर लिफ्टची मोटार असते, तिथपर्यंत अवजारांची पिशवी घेऊन चढून जायचं, कारण लिफ्ट बंद असते म्हणूनच तर बोलावलेलं असतं. बाई जितक्या मुक्या तितके ते बडबडे. मला मेव्हणीबाई म्हणायचे. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर गेली होती, त्यामुळे घरात ही दोघंच, आणि सुट्टीच्या दिवशी कधीकधी मी. माझं लग्न झालेलं नव्हतं. त्यांच्या घरातली खिडकीजवळची खुर्ची माझी, असं भावोजींनीच जाहीर करून टाकलं होतं.

निबंध छापून आला त्याला तीन वर्षं झाली असतील. एका औषध कंपनीनं आमची जोडसाखळी घेतली आणि माणसांवर चाचणी करायची तयारी सुरू केली. त्याच सुमाराला भावोजी एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर जिन्यात बसले आणि त्यांना उठता येईना.

बाई रिपोर्ट घेऊन प्रयोगशाळेत आल्या. आधी टेबल पुसलं, हातमोजे चढवले, मग ते काढले आणि माझ्या खोलीत आल्या. कागद माझ्यापुढे ठेवला. भावोजींच्या मज्जेनं तांबड्या पेशी बनवायचं जवळजवळ थांबवलं होतं. का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

"इतकी दुखणी आहेत जगात," बाई म्हणाल्या. "हेच व्हायचं होतं?"

दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं. चढवून आले की भावोजी चार दिवस खुशीत. "टाकी फुल्ल," म्हणायचे. मग हळूहळू ओठ पांढरे व्हायचे, चहाचा कप खाली ठेवतानाही दम लागायचा. नोकरी सुटली. अवजारांची पिशवी दारामागे टांगलेली असायची आणि बाई तिच्यावरची धूळ झटकत राहायच्या.

भावोजींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच आमच्या जोडसाखळीच्या चाचणीचं नाव काढलं. ती जिथं तयार झाली तिथंच ओवणकरबाई काम करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. कळल्यावर त्यांनी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला रीतसर विचारलं. बाईंचा चाचणीशी काही संबंध नव्हता, औषध कंपनीत बनत होतं, म्हणून परवानगी मिळाली. महिन्यातून एक इंजेक्शन.

दुसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन चढलं. तिसऱ्यात आणखी चढलं. चौथ्या महिन्यात रक्त चढवायची गरजच पडली नाही.

एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि भावोजी आत आले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ते जिना चढून आले होते, आणि श्वास जरासा जोरात चालला होता इतकंच. बाईंच्या हातात भांडं होतं.

"अहो, इथे कशाला आलात? आणि लिफ्टनं यायचं ना!"

"तुमच्या लिफ्टची तार बघितलीस का? मी नाही बसत तिच्यात." मग ते माझ्याकडे वळले. "मेव्हणीबाई, साठ पायऱ्या. मोजल्यात. हिनं केलेल्या औषधाला विचारायला आलो, अजून किती चढवणार?"

बाईंनी भांडं नीट स्टँडला लावलं, धुण्याच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी चेहरा धुऊन बाहेर आल्या. "जोडणी थांबली माझी तुमच्यापायी," एवढंच म्हणाल्या.

इंजेक्शनं सुरू झाल्यापासून अकरा महिने असे गेले. भावोजी पुन्हा कामाला लागले, पूर्ण वेळ नाही, पण नव्या लोकांना शिकवायला. त्यांचं इंजेक्शन ज्या दिवशी असायचं त्याच दिवशी एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं असायचं. दोघांच्या खुर्च्या शेजारी. शिक्षिकाबाई येताना शब्दकोडं आणायच्या आणि भावोजींना विचारून विचारून सोडवायच्या, म्हणजे भावोजी चुकीचे शब्द सांगायचे आणि त्या रागवायच्या. भावोजी त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांची मैत्रीच झाली होती.

बाराव्या महिन्याच्या इंजेक्शनला मास्तरीणबाईंचा नंबर आधी लागला. सुई काढून दोन मिनिटं झाली असतील. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "अहो, मला गरम होतंय," म्हणाल्या. मग घशाला हात लावला. नर्स धावली, डॉक्टर धावले, पडदा ओढला. पडदा खुर्च्यांच्या मधूनच जात होता, भावोजींच्या गुडघ्याला लागून. त्या पडद्यापलीकडचं सगळं त्यांनी ऐकलं. वीस मिनिटांनी आवाज थांबले.

भावोजींना त्या दिवशी इंजेक्शन दिलं नाही. पुढेही दिलं नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या कुठल्याशा केंद्रावर आणखी दोघांना असंच झालं, त्यातलाही एक गेला. चाचणी थांबली. काही आठवड्यांनी कंपनीनं ते औषधच सोडून दिल्याचं पत्र आलं. सरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. बाई उभ्या होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कशामुळे झालं ते लिहिलंय का?"

"नाही. शोधतायत म्हणे."

"शोधेपर्यंत?" बाई म्हणाल्या.

सरांनी पत्राची घडी घातली.

भावोजी परत रक्तावर आले. पण आता अंगानं पूर्वीसारखी साथ दिली नाही. परक्या रक्ताविरुद्ध त्यांच्या शरीरानं अस्त्रं तयार केली होती, जुळणारी पिशवी मिळायला दिवस लागायचे. चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साठत होतं, हृदयावर बसत होतं. ते बाहेर काढायचं औषध पोटाच्या कातडीखाली सुई घालून एका छोट्या पंपानं तासन्‌तास द्यावं लागायचं. ते बाई घरीच करायच्या. सुई लावायला त्या शिकल्या होत्या. भावोजी म्हणायचे, "हिचा हात इतका हलका आहे की सुई गेली की नाही हे मला विचारावं लागतं."

हे मी का सांगतेय ते पुढे कळेल.

एका शनिवारी बाई माझ्या खोलीत आल्या आणि दार ओढून घेतलं. खिशातून झाकण लावलेली नळी काढली. तळाशी पिवळसर काहीतरी.

"हे शुद्ध करून दे," म्हणाल्या.

मी विचारलं नाही काय आहे. गेले दहा दिवस त्या सगळ्यांच्या आधी येत होत्या आणि भांडं हातात धरून हलवत होत्या. कुठल्याच नोंदवहीत त्याची नोंद नव्हती. मला दिसत होतं आणि मी बघत नव्हते.

"बाई, हे..."

"तीनशे पट," त्या म्हणाल्या. "एवढ्याशात त्यांचं वर्षभर भागेल. साधं पेप्टाइड असतं तर मला बनवताच आलं नसतं इतकं. ही जोडसाखळी आहे म्हणून जमतंय."

"आणि मास्तरीणबाई?"

"ह्यांना अकरा वेळा दिलं. अकरा वेळा काही झालं नाही."

मी मशीन सुरू केलं. करायला नको होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. रविवारी सकाळी मी आणि बाई दोघीच होतो. पडद्यावर सुळका आला. मी हजारो सुळके बघितलेत, पण इतका सरळ कधी बघितला नाही. सुकवल्यावर कुपीत कापसाच्या बोंडासारखं पांढरं, हलकं काहीतरी उरलं. मी म्हटलं, "शुद्ध आहे. पण निर्जंतुक आहे का, रक्तात गेल्यावर काय करेल, ते मला सांगता येणार नाही. ते तपासायला दुसरी माणसं लागतात, दुसऱ्या खोल्या लागतात."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तू चल माझ्याबरोबर. माझ्या एकटीच्यानं सांगवणार नाही."

भावोजी खिडकीपाशी माझ्या खुर्चीत बसले होते, कारण तिथं हवा जास्त यायची. बाईंनी सगळं सांगितलं, एकाच दमात. आयुष्यात त्या सलग एवढं बोललेल्या मी ऐकलं नव्हतं. भावोजींनी कुपी मागून घेतली आणि उजेडात धरली.

"एवढंसं?"

"एवढंच लागतं."

"आणि हे तू हातानं केलंस? सगळं?"

"हो."

बराच वेळ ते बघत राहिले. "सुरेख दिसतं गं," म्हणाले. मग कुपी बाईंच्या हातात परत दिली. "नको."

"का पण?"

"मास्तरीणबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनाही अकरा वेळा काही झालं नव्हतं."

"सगळ्यांना नाही झालं. शेकड्यांत तिघांना झालं. आणि असं बसून राहिलात तर काय होणार आहे ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तुम्हीच ऐकलंत."

"ऐकलंय. ते होईल ते दुखण्यानं होईल." त्यांना दम लागला, ते थांबले. "हे घेऊन मला काही झालं, तर ते तुझ्या हातून झालेलं असेल. मी सुटेन. तू कशी जगशील? तू तर त्या साखळीतला एकेक तुकडा आठवत बसशील. मी ओळखतो तुला."

"मग मी केलं कशाला?" बाई ओरडल्या. "दहा दिवस मी काय केलं? तुम्हाला नकोच होतं तर हे माझे हात कशाला आहेत?"

भावोजींनी बाईंचे दोन्ही हात धरले आणि त्यांना जमेल तितका वेळ धरून ठेवले. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पुढचं मला बाईंनी खूप नंतर सांगितलं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात भावोजींचे पाय सुजले, आडवं झोपता येईना. त्या दिवशी दुपारी लोहाच्या औषधाचा पंप लावायच्या आधी बाईंनी दुसरी सिरिंज भरली. कुपीतलं औषध विरघळवून, गाळून, नीट मोजून. भावोजींना कळायचं काहीच कारण नव्हतं. रोज सुई लागायचीच. एक आधी, एक नंतर. त्या सिरिंज घेऊन त्यांच्याजवळ गेल्या.

"त्यांनी बघितलंसुद्धा नाही गं," बाई मला म्हणाल्या. "खिडकीबाहेर बघत होते. माझी चाहूल लागली तशी सदऱ्याची कड वर केली आणि म्हणाले, झालं की सांग. एवढंच. झालं की सांग."

बाईंना ते जमलं नाही. त्या परत स्वयंपाकघरात गेल्या, सिरिंज मोरीत रिकामी केली, नळ सोडला, मग पंपाची सुई आणून लावली. "झालं," म्हणाल्या. भावोजी म्हणाले, "कळलंच नाही."

त्यानंतर सहा आठवड्यांनी भावोजी गेले. हृदयानं गेले. मुलगी येऊन पोचली होती. शेवटच्या दिवशी मी सकाळी गेले तेव्हा ते मला म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमची खुर्ची मोकळी करून देतो." मला हसता आलं नाही. ते मात्र हसले.

बाई पंधरा दिवसांनी कामावर आल्या. आल्या त्या थेट सरांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. काय बनवलं, कधी बनवलं, कुठला माल वापरला. माझं नाव घेतलं नाही, पण शुद्ध कुठे झालं हे सरांना न कळण्यासारखं नव्हतं. सरांनी त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला कागद पुढे ओढला आणि काहीच लिहिलं नाही. शेवटी विचारलं, "बाई, दिलंत का तुम्ही?"

"नाही."

"मग माझ्याकडे लिहायला काही नाही," सर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कपाटांना कुलपं आली आणि रविवारी इमारत बंद राहायला लागली. मला त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

बाईंची दोन वर्षं राहिली होती, ती त्यांनी काढली. काम पूर्वीसारखंच चोख. जोडसाखळ्या मात्र त्यांच्याकडे कोणी दिल्या नाहीत आणि त्यांनी मागितल्या नाहीत. डबा आम्ही एकत्र खायचो. मी काही बोलले तर त्या ऐकायच्या. कधीकधी मधेच उठून हात धुवून यायच्या, धुतलेलेच.

निवृत्त होऊन त्यांना सात-आठ महिने झाले असतील. सरांनी मला बोलावलं आणि एक अहवाल पुढे सरकवला. कंपनीच्या चौकशीचा. एवढ्या दिवसांनी त्यांना कारण सापडलं होतं, निदान सापडल्यासारखं वाटत होतं. दोष बहुतेक पेप्टाइडचा नव्हता. चाचणीच्या शेवटच्या महिन्यांत कंपनीनं औषध एकेका डोसाच्या कुपीतून न देता अनेक डोसांच्या मोठ्या कुप्यांत भरलं होतं, आणि ते टिकावं म्हणून त्यात एक परिरक्षक घातला होता. तो परिरक्षक आणि जोडसाखळी एकत्र आल्यावर काही माणसांच्या अंगात आग पेटत होती.

मी ते पान दोनदा वाचलं. बाईंच्या कुपीत परिरक्षक नव्हता. त्यांच्या कुपीत जोडसाखळीशिवाय काहीच नव्हतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

"पुन्हा सुरू करतायत," सर म्हणाले. "परिरक्षकाशिवाय. पहिला नमुना आपल्याकडून हवाय, आणि ती दुहेरी वाढ इथं कोणाला धड जमत नाही. बाई चार आठवडे येतील का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे त्यांना सांगायचं का, ते तुम्हीच ठरवा. मला नाही ठरवता येत."

मी गेले. दार बाईंनीच उघडलं. त्या वाळल्या होत्या. चहा ठेवला. मी अहवाल पिशवीतच ठेवला होता आणि कुठून सुरुवात करावी ते मला सुचत नव्हतं.

"तो कागद काढायचा असेल तर काढ," बाई म्हणाल्या. "वाचलाय मी. डॉक्टरीणबाईंनी पाठवला, गेल्या महिन्यात."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"मी द्यायला हवं होतं का?" त्यांनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी म्हटलं, "बाई, तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं."

"तेच सांगते मी स्वतःला. रोज सकाळी उठले की सांगते. तेव्हा माहीत नव्हतं, ते नको म्हणाले होते, मी त्यांचं ऐकलं. कधी दुपारपर्यंत पुरतं. कधी दात घासेपर्यंतही पुरत नाही."

मी सरांचा निरोप सांगितला. चार आठवडे, फक्त पहिला नमुना. त्यावर कितीतरी लोकांचं अवलंबून आहे, असंही म्हणाले. म्हणताना माझं मलाच वाईट वाटलं.

बाई आतल्या खोलीत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. शाळेच्या वहीसारखी साधी वही. त्यात दुहेरी वाढीची सगळी रीत लिहिलेली होती. कुठल्या जोडणीला किती वेळ, कुठे दोनदा करायचं, कुठे भांडं हातात घ्यायचं, लंगडा माल येऊ लागला तर तो कशावरून ओळखायचा. अक्षर शेवटच्या पानापर्यंत सारखं होतं.

"अहवाल आला त्याच आठवड्यात लिहून काढलं," म्हणाल्या. "ज्याला हवं त्याला शिकू दे. अडलं तर फोन करा, मी सांगेन. पण मी येणार नाही. ते भांडं हातात घेतलं की मला फक्त ती सदऱ्याची कड दिसेल."

चहा झाला. त्यांनी कप भरले. आम्ही दोघी उभ्या उभ्याच प्यायलो. मग मी वही पिशवीत घातली, आणि त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या.